बाबांच्या टेपची लय

आज सकाळचं सांगते. बाबा गेल्यापासून आई गप्पच आहे. जेवायलासुद्धा आग्रह करावा लागतो, आणि ती एकदाही रडलेली नाही.

बाबा बोटीवर इंजिनरूममध्ये होते. तिथून आणलेली सिंफनीची एक कॅसेट ते पावसच्या समुद्राकाठच्या घरी रोज संध्याकाळी लावायचे. टेप आता बंद पडलाय, म्हणून दादाने तेच रेकॉर्डिंग मोबाइलवर शोधून आईला ऐकवलं.

"हे नव्हे ते," आई म्हणाली. "हे तर कुत्रं मागे लागल्यासारखे पळतायत."

"अगं, वादक तेच आहेत," दादा म्हणाला.

मी पेटी शिकवते. पेटीवर सूर लावून पाहिला तर मोबाइलवर पट्टी काळी दोन. माझ्या कानात मात्र बाबांच्या टेपची, त्याहून खालची, काळी एक पक्की होती. तेव्हा उलगडलं. खाऱ्या हवेने टेपचा बेल्ट सैल झाला होता आणि कॅसेट कित्येक वर्षं हळू फिरत होती. मूळ संगीत चांगलं लगबगीचं, आनंदी आहे. आमच्या घरात ते कायम संथ आणि उदास होतं.

दादाने एका अ‍ॅपवर वेग, आणि त्याबरोबर सूरही, कमी करत आणला. सूर जुळेपर्यंत मी काळी एक धरून बसले.

"हं, आता ह्यांचं वाटतंय," आई म्हणाली आणि रडायला लागली. मग दादाही. मी भाता हलवत, सूर घसरत नाही ना, एवढंच बघत राहिले.

आता दोघंही जेवून झोपलीत. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का? रडू उशिरा आलं, की आलंच नाही?