आप्पांचं कलकत्त्याचं विमान

मी हायस्कूलात गणित शिकवत होते. नवस, अंगात येणं, स्वप्नात कुणी दिसणं – असल्या गोष्टी घेऊन येणाऱ्या बायकांना मी चहा पाजून परत पाठवायचे. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. फक्त ही एक गोष्ट सोडून…

साल पंच्याहत्तरच्या आसपासचं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत दोन खोल्यांत मी आणि वडील, दोघंच. आप्पा स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले आणि त्या वर्षी रक्ताच्या आजारानं अंथरुणाला खिळलेले. सकाळी त्यांचं आवरायचं, मग शाळा, आल्यावर धुणं, स्वयंपाक… उभ्या उभ्या डोळा लागायचा माझा.

संध्याकाळी आप्पांचा एकच हट्ट – खेळ मांड. लंडनच्या दादानं पूर्वी कधीतरी आणलेला जुना बोर्ड गेम. जगाचा नकाशा, पत्र्याची चिमुकली विमानं आणि मालाची कार्डं – यंत्रं, फुलं, घोडे, औषधं. फासे टाकत माल कार्डावरच्या शहरात पोचवायचा. जन्मभर पार्सलं चढवलेल्या माणसाला त्यात भारी गोडी.

डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन इथं मिळत नव्हतं. दादानं ते विमानानं मुंबईला पाठवलं. तिथं राहणारे मामा ते कस्टममधून सोडवून घेणार होते. आप्पांना मी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं, उगाच आशेला लावायला नको म्हणून. दादाची पत्रंसुद्धा शाळेतल्या कपाटात ठेवायचे.

त्या सोमवारी औषधांचं कार्ड निघालं, मुंबईचं. मी विमान मुंबईवर ठेवलं. आप्पांनी उचलून कलकत्त्यावर ठेवलं.

"आप्पा, मुंबईचा माल आहे हा."

"तिथं उतरलाच न्हाय. हितं पडलाय."

"बरं."

"बरं काय? खोकं भिजलंय एका अंगानं. कुणीतरी हलवाय पायजे की!"

उद्या हलवू म्हटलं आणि खेळ गुंडाळला. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी तर त्यांनी फाशांना हातच लावला नाही.

"सुमे, तुला ऐकू येत न्हाय व्हय?"

"खेळायचं तर खेळा, नाहीतर झोपा आप्पा. माझ्यात जीव नाही राहिलेला."

भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतर खेळ मांड म्हणालेच नाहीत.

शनिवारी मामांचं पत्र आलं – रोज विमानतळावर खेटे घालतोय, पार्सल आलेलंच नाही. रविवारी मी तार ऑफिसात गेले आणि, लाज वाटत होती तरी, दादाला तार केली – कलकत्त्याला चौकशी कर.

पार्सल तिथंच होतं. चुकीच्या विमानात चढलं होतं म्हणे.

बुधवारी पहाटे आप्पा गेले. शुक्रवारी पार्सल माझ्या हातात पडलं. खोक्याची एक बाजू भिजून वाळलेली, लेबलावरची शाई ओघळलेली.

"आधी मिळालं असतं तरी खात्रीनं काही सांगता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले. भला माणूस.

दादाचं म्हणणं, आप्पांनी जुन्या अनुभवावरून अंदाज बांधला असेल. पण ज्या पार्सलची त्यांना खबरच नव्हती, त्याचा अंदाज कसा बांधणार? पुष्कळ डोकं चालवलं मी.

आणि दादाला वाटतं, आप्पा बोलले त्याच दिवशी मी तार केली. मी त्याला तसंच वाटू दिलंय.