टचपॅडवरचं कुंकू

२२ ऑक्टोबर २००७, सोमवार, दसऱ्याचा दुसरा दिवस. काम: लॅपटॉपचा टचपॅड बदलून आणणे.

आदल्या संध्याकाळपासून पडद्यावरचा बाण माझं ऐकत नव्हता. मी डावीकडे बोट फिरवलं की तो वरच्या कोपऱ्यात जाऊन बसे. शेजारणीचा माऊस जोडून पाहिला, तरी तो कोपऱ्याकडेच धावे. एरवी मी चार दिवस थांबले असते. पण सातवीच्या सहामाहीची विज्ञानाची प्रश्नपत्रिका मंगळवारी दुपारची शाळा भरायच्या आत द्यायची होती, आणि मुख्याध्यापिकांनी यंदापासून हस्तलिखित घेणार नाही असं बजावलं होतं. माझी वेळेत गेली नाही, तर दुसऱ्या तुकडीच्या बाईंची प्रश्नपत्रिका दोन्ही वर्गांना लागणार होती. त्या दोन धडे पुढे होत्या. म्हणजे न शिकवलेल्या धड्यांवर माझी मुलं नापास होणार.

सकाळीच मनवेलपाड्याहून रिक्षा करून आचोळ्याला लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने लॅपटॉप उघडायच्या आधी तो तिरका करून हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"मॅडम, घरी छोटं बाळ आहे?"

"नाही."

त्याने स्क्रू काढून वरचा भाग उचलला आणि हसायलाच लागला. "ये देखो. यात तर पुलाव आहे."

टचपॅडच्या बटणाखाली तांदळाचे तीन दाणे होते आणि कडेच्या फटीतून लाल ओघळ थेट आतपर्यंत गेला होता. मला लगेच कळलं. आमच्याकडे दसऱ्याला विळी, कात्री, शिलाईचं मशीन, स्कूटर, सगळ्यांची पूजा होते. सासूबाईंचा नियम असा की जिथं हात चालतो, तिथं पाण्यात कालवलेलं कुंकू आणि वर अक्षता. विळीच्या पात्याला, मशीनच्या चाकाला. मला लॅपटॉपवर बोट फिरवताना त्या रोज बघत होत्याच.

"पूजा तो हम भी करते हैं," दुकानदार म्हणाला. त्याच्या टेबलाला कालचा झेंडू लटकत होता. "पण बाहेरून."

त्याने दुसरा टचपॅड बसवला. बाण सरळ चालला. बारापूर्वी घरी आले, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि शाळेला निघताना सासूबाईंना नीट सांगितलं, "आई, पाणी आत गेलं म्हणून बिघडला होता. नवीन भाग बसवून आणलाय."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी परत आले, चहासुद्धा न घेता लॅपटॉप उघडला. नव्या टचपॅडवर बरोब्बर मधोमध लाल ठिपका, आणि खाली बटणावर दुसरा.

"आई! परत?"

"पाणी नाही हो लावलं!" त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तू सांगितलंस ना, पाण्याने बिघडतं? तुपात कालवलं. अक्षतासुद्धा टाकल्या नाहीत."

"पण लावायचं कशाला?"

"मग नवीन वस्तू तशीच वापरायची? तुझ्या परीक्षेचं काम आहे म्हणून तर मुद्दाम लावलं. आणि ओरडतेस कसली, शाळेत आहेस का?"

कापसाने पुसलं. जेवढं पुसलं तेवढं तूप फटीत उतरलं. बाण हलत होता, पण बटण एकदा खाली गेलं ते वर येईना. त्यामुळे जिकडे बाण नेईन तिकडचा मजकूर निळा होऊन त्याच्यामागे फरफटत येई. प्रश्न तिसरा उचलला जाऊन प्रश्न पहिल्यात शिरला. 'कारणे द्या' कुठे गेलं ते सापडेचना. माऊस पुन्हा जोडला, तरी तेच. मग दिवे गेले, बॅटरीही संपत आली, आणि मी लॅपटॉप बंद केला. तव्यावरची पोळीही त्या दिवशी मी आपटतच उलटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी लॅपटॉप मिटला आणि झाकण सासूबाईंसमोर धरलं. "आई, इथं लावा. काय लावायचं ते एकदाच. यापुढे इथंच."

"हात तर आत चालतो."

"आता आत नाही चालणार."

त्यांनी जरा विचार केला आणि झाकणावर कोरडं कुंकू लावलं.

दुकानाचं शटर वर जात होतं तेव्हा मी तिथं उभी होते. टचपॅड जोडलेला असेपर्यंत माऊसही चालत नव्हता, म्हणून त्याची वायरच काढून टाकायला सांगितली.

"कल ही तो नया डाला, मॅडम!"

"काढा. आणि एक माऊस द्या."

त्याच्याच टेबलाची कड मोकळी करून बसले, 'कारणे द्या' पुन्हा टाईप केलं, तिथंच छापून घेतलं आणि घंटा व्हायच्या आत प्रश्नपत्रिका मुख्याध्यापिकांच्या हातात दिली.