बाईंनी बदललेलं नाव

आमच्या बाई रागावल्या की आवाज चढवत नसत. चष्मा काढून पदरानं पुसत बसत. तेवढ्यानंच समोरचा वरमे.

नामांतराच्या दंगलीनंतर एका संस्थेनं पाथरीकडच्या गावांत बायकांच्या गटचर्चा ठेवल्या. बोलतं करणाऱ्या बाई, टिपणं घेणारी मी. बाई आधी पुरुषांना उठवत. "पाटील, तुम्हाला नंतर बोलावते," म्हणत आणि कधीच बोलावत नसत. मग बायकांना सांगत, "खरं नाव सांगू नका, आवडेल ते घ्या. इथलं बोलणं इथंच राहील, ही माझी जबान."

एका गावी बागायतदाराची सून म्हणाली, "मी कस्तुरा." मग खाली बघत म्हणाली, "वस्ती पेटवली तवा आमचे मालक बी त्या घोळक्यात व्हते. मी सोता बघितलं."

चर्चा संपल्यावर बाईंनी तिला बाजूला घेतलं. "हे नाव कुठून आणलंस?"

"माहेरचं हाय. लग्नात बदललं. लय दिसांनी कुणी त्या नावानं हाक मारंल म्हून घेतलं."

"अगं, ते नवऱ्याला ठाऊक नाही का?" बाईंनी माझ्याकडून टिपणात सगळीकडे 'सुमन' लिहून घेतलं.

संस्थेच्या साहेबांना ते पटलं नाही. चर्चेची टेप ऐकून त्यांनी अहवालात पुन्हा 'कस्तुरा' घातलं. "चर्चेतलंच नाव हवं, हे संशोधन आहे!" वर त्याच गावच्या चावडीवर तो अहवाल वाचून दाखवला. खोटंच नाव आहे, मग काय बिघडतं, एवढी त्यांची अक्कल! वाचन चालू असतानाच तिचा नवरा उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी ती चुडाव्याला माहेरी होती, लेकरं सासरी.

बाई साहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. "जबान मी दिली होती. ती मोडणारे तुम्ही कोण?"

"बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता."

बाईंनी त्याच दिवशी नोकरी सोडली. साहेबांना पुढे बढती मिळाली. आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्ही दोघी चुडाव्याला गेलो. ती अंगणात ज्वारी पाखडत होती, डोळ्याखाली काळंनिळं. बाई म्हणाल्या, "माझ्या भरवशावर बोललीस गं."

तिनं सूप खाली ठेवलं. "माझी लेकरं तेवढी आणून द्या."

त्यानंतर बाई थकेपर्यंत तिच्या सासरच्या गावी खेपा घालत राहिल्या. लेकरं त्यांना कुणी दिली नाहीत.