गार फोडताना डोळा वाचला

मंडळी, आज सकाळी थोडक्यात वाचलो.

चूल विझलेली, आगपेटी सादळलेली. म्हणून चकमकीच्या गारेला, म्हणजे ठिणगी पाडायच्या दगडाला, नवी धार काढायला बसलो. हातोडी मारली आणि एक कपची थेट डोळ्यात उडाली.

अंगणात भात कांडणारी गंगा, माझी बायको, धावत आली. "हलू नगा," म्हणत तिनं पदराच्या टोकानं कपची अलगद काढली. मग दोन बोटं दाखवली. "किती हाईत?"

"दोन!"

ती हसत होती आणि रडतही होती.

दुपारी मी रानात सापडलेल्या सांबरशिंगाचं टोक वेळूच्या मुठीत बसवलं. मांडीवर चामडं घेतलं, त्यावर गार धरली आणि तिच्या कडेवर शिंगाच्या टोकानं नुसता दाब देत धार काढली. कपच्या निमूट खाली पडल्या.

तुमच्या घरी गार कोण फोडतं? त्याच्या हातातली हातोडी आजच काढून घ्याल ना?