पुलाच्या अल्याड

गोंदियात रेल्वेलाईनच्या अल्याड राहणाऱ्याला पल्याड जायचं तर उड्डाणपूल चढावा लागतो. मी नर्स. तो पूल रोज चढते आणि रोज त्याच्या नावानं बोटं मोडते. म्हणून वस्तीसाठी नवा सरकारी दवाखाना मंजूर झाला तेव्हा तो अल्याडच व्हावा असं मला मनापासून वाटत होतं. इथं शाळेच्या दोन खोल्या रिकाम्याच पडल्या होत्या. पल्याडची जागा मात्र नवी, रंगवलेली, पुढं गाड्या लावायला अंगण.

आरोग्य खात्याच्या साहेबांनी मला घरोघरी विचारायला पाठवलं. पल्याडची जागा तुम्हाला जवळ की लांब? एवढीच खूण करायची. दिवसभर भाताच्या रोवणीत वाकणाऱ्या बाया हसून 'जवळच' म्हणायच्या. लांब म्हणणं म्हणजे आळशी ठरणं. उन्हात फिरून माझ्या टाचा भरून आल्या.

एका घरी माझ्या ओळखीची म्हातारी होती. साखरेची बीमारी, अंगठ्याला जखम. एक दिवसाआड पट्टी बदलायची आणि चालणं कमी करायचं, नाहीतर अंगठा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ही तरी लांब म्हणेल याची मला खात्री होती. सून दारात तांदूळ निवडत होती. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जवळच आहे ना बाई. पूल उतरला का झालं."

खोटं आहे हे मला कळत होतं. तरी मी 'जवळ'वर खूण केली. थकले होते, वाद घालायचं त्राण नव्हतं.

बैठकीत मी पुलाचा विषय काढला. साहेबांनी माझेच कागद माझ्यापुढं सरकवले. "देखो सिस्टर, आपने ही लिखा है। सब को पास पड़ता है।" नकाशावर अंतर खरंच बोटभर होतं, आणि नकाशाला कुठं पूल चढायचा असतो? मी कागद गोळा केले. साहेबांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

दवाखाना पल्याड उघडला, माझी ड्यूटीही तिथंच लागली. तिसऱ्या दिवशी म्हातारी भिंत धरत धरत आत आली. पट्टी रक्तानं भिजलेली. मी तिच्यावर खेकसलेच, "आजी, त्या दिवशी खोटं काऊन सांगितलं?"

ती बाकावर टेकली. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"सून होती ना तिथं. दूर म्हणलं असतं तं कामाचा खाडा करून माह्यासंग आली असती बिचारी."

मी पट्टी सोडवली. अंगठा काळा पडू लागला होता. माझ्या एका खुणेची मला लाज वाटली. मी म्हटलं, "आता इथं यायचं नाही. मीच येत जाईन घरी, सुट्टी झाल्यावर."

"कायले बाई?" ती म्हणाली. "तुले दूर पडते."