सुनंदाचा बधिर हात

"म्याडम, खरं सांगा. महारोगच हाय न्हवं?"

सुनंदाच्या सासूबाई दारातूनच विचारत होत्या. सुनंदा माझ्यासमोर स्टुलावर बसली होती. डाव्या हाताच्या बोटांवर भाजल्याचे फोड. चुलीतलं पेटतं लाकूड धरलं तरी तिला कळलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दोघी पाथर्डीकडच्या, ऊसतोडीला कोपरगावला आलेल्या. हंगामाच्या सुरुवातीलाच सुनंदाच्या डाव्या मनगटात कोयता घुसला आणि मिडियन नर्व्ह तुटली. अंगठा आणि शेजारच्या बोटांचा स्पर्श मेंदूकडे नेणारी ही नस. आमच्या हॉस्पिटलच्या सर्जननी ती शिवली. पुढची फिजिओथेरपी माझ्याकडे.

शिवलेली नस फार सावकाश वाढते. तोवर बोटं बधिर. पण बधिर बोटं आणि न दुखणारे फोड म्हणजे महारोग, असा ऊसतोड्यांच्या तळावर बोभाटा झाला. सुनंदाचं ताट वेगळं मांडलं गेलं. आता हंगाम संपला की तिला माहेरी सोडायचं, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं. स्किनच्या डॉक्टरांनी महारोग नाही म्हणून सांगितलं, ते त्यांना पटलं नव्हतं. मला भीती वेगळीच होती. नस वाढलीच नसेल तर?

सुनंदाला डोळे मिटायला लावले. पेनाच्या टोपणाने तिच्या अंगठ्यावर रेघ ओढली.

"कुठं कळलं?"

"मधल्या बोटाला."

"बगा!" सासूबाई आणखी मागे सरकल्या. "आंगठा बी गेला."

"गेला नाही हो, आला! नस वाढलीय!" मी ओरडलेच. मग समजावलं. मेंदूत हाताचा नकाशा असतो, प्रत्येक बोटाची जागा ठरलेली. शिवलेल्या नसेतले तंतू वाढताना वाट चुकतात. अंगठ्याची खबर मधल्या बोटाच्या पत्त्यावर जाते. मेंदूला नवे पत्ते शिकवावे लागतात. रोज कुणीतरी सुनंदाची बोटं चोळायची, आधी तिने बघायचं, मग डोळे मिटायचे.

"कोन चोळनार?"

"तुम्ही."

त्यांनी दोन्ही हात पदरात लपवले. घाबरलेल्या माणसावर चिडू नये, पण मी चिडले. "मी रोज धरते हा हात. माझ्या घरी लहान मुलं आहेत."

शेवटी त्या पुढे आल्या. निखारा उचलावा तसा दोन बोटांनी सुनेचा अंगठा धरला. सुनंदाचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"आता कुठलं बोट?" मी विचारलं.

"ते न्हाई सांगता येत," ती हळूच म्हणाली. "पन आत्याबाई, तुमी लई थरथरताय."

"कळतंय की गं तुला!" सासूबाई तिच्यासमोरच खाली बसल्या. अंगठा सोडला नाही.

त्या गावी गेल्या त्या सुनेला घेऊनच. बोटांचे पत्ते जुळायला पुढे बरेच महिने लागले. नकाशा दुरुस्त करायला घरचं माणूस लागतं, आणि त्याला कसं राजी करायचं ते कॉलेजात शिकवत नाहीत.