वहिनीला विचारून सांगतो

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी दापोलीच्या एसटी स्टँडवर कांदाभजी खात होतो. "काका, आई गेली. सकाळी उठलीच नाही. मुंबईची माणसं पोचेपर्यंत थांबायचं की कसं?" मी तोंडातली भजी गिळली आणि म्हणालो, "थांब, वहिनीला विचारून सांगतो." "काका, वहिनी म्हणजे आईच ना," पलीकडून प्रकाश म्हणाला. घरातलं काहीही कोणी विचारलं की आयुष्यभर माझं हेच उत्तर होतं. तोंडाला अजून कळायचं होतं.

सुलूवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा हयातभर मुंबईला नोकरीला, मी गावच्या हायस्कुलात क्लार्क. त्यामुळे घरात हाताशी असलेला पुरुष मी एकटाच, आणि तोही असा. माझं नवीन लग्न झालेलं असताना वहिनीने मला मंदासाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी, पॅड आणायला बाजारात पाठवलं. दुकानात शाळेचे दोन मास्तर उभे. मी कुजबुजलो, "ते... कापसाचं असतं ना, ते द्या." घरी आलो तो समईच्या वातींचा पुडा घेऊन. वहिनीने तो उलटसुलट करून पाहिला. "भावजी, एवढ्या वातींत आख्ख्या वाडीची दिवाळी होईल."

चाळिशीत वहिनीला स्वतःला पाळीत फार जायचं. चढणीला धाप लागायची. बायकांना असतंच, असं म्हणत तिने दिवस काढले आणि शेवटी शेतात चक्कर येऊन पडली. अंगात रक्तच उरलेलं नव्हतं. त्यातून उठल्यावर "असतंच" हा शब्द तिने घरातून हद्दपार केला. मधेच डाग दिसतोय, पांढरं जातंय आणि वास येतो, पोट दुखून पोरगी दर महिन्याला शाळा बुडवते... वाडीतल्या बायका मागल्या पडवीत येऊन तिला विचारायच्या. वहिनी म्हणायची, "मला काय कळतंय गो? डॉक्टरीणबाईंना विचारू. चल, मी येते." मग ती त्या बाईबरोबर थेट आत जायची.

एका गौरीला मुंबईची सगळी माणसं घरात होती. आमच्याकडे गौरीला साडी नेसवायचा मान मंदाचा, पण पाळीच्या दिवसांत गौरीला हात लावायचा नाही ही रीत. मंदा हळूच म्हणाली, "यंदा दुसऱ्या कोणी नेसवा. मला चालत नाही." मला विनोद सुचला. सगळ्यांसमोर म्हणालो, "बघा, साठीला आली तरी आमची बायको तरुणच!" सगळे हसले. वहिनीने हातातली साडी खाली ठेवली.

"मंदा, तुझी बंद होऊन किती वर्षं झाली गो?"

"झाली सहा-सात."

"मग हे कधीपासून?"

"आषाढापासून. थोडंसंच जातं. उष्णता असेल म्हणून हे कोकमाचं सरबत देतात."

वहिनी माझ्याकडे वळली. "भावजी, सरबत आता तुम्ही प्या."

मंदा जायला तयार नव्हती. "या वयात कुणापुढे झोपू?" वहिनी म्हणाली, "रड हवं तेवढं. पण गाडीत बसून रड." तपासताना मंदाच्या तोंडून शब्द फुटेना, सगळं वहिनीनेच सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी थेंबभर का असेना, तर लगेच यायचं. बहुतेकदा साधं निघतं, पण तपासल्याशिवाय कळत नाही. मंदाचं साधं निघालं नाही. पिशवीत कॅन्सर होता, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं, पिशवी काढली. मंदा राहिली.

वहिनीच्या तेराव्याची पंगत उठली तेव्हा प्रकाशची बायको स्वाती स्वयंपाकघरात पोट धरून बसलेली मंदाला आणि मला दिसली. "दर महिन्याचंच आहे काकी. गोळी घेते, मग कमी होतं." मी तोंड उघडणार होतो, तेवढ्यात मंदाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याचा तांब्या उचलून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात प्रकाश आणि मी बाहेरच्या बाकावर, त्या दोघी आत. थोड्या वेळाने दाराआडून मंदाचा आवाज आला, चांगला खणखणीत. "ती लाजते, मी सांगते. पाळी आली की हिला उभं राहवत नाही. आणि मधल्या दिवसांतही डाग दिसतात." बाकावरच्या सगळ्या पुरुषांना एकदम आपापल्या चपला बघाव्याशा वाटल्या. प्रकाश माझ्या कानाशी लागला, "काका, काकीला जरा हळू बोलायला सांगू का?"

"नको," मी म्हटलं. "बोलू दे तिला."